आईच्या हातांना लागलेला इंग्रजी शब्द

मी महाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या वर्गात कुठल्या ना कुठल्या धड्यात 'क्लम्झी' हा शब्द येतोच. त्याचा अर्थ मी फळ्यावर लिहीत नाही, मुलांनाच विचारते. मुलं खूश होतात, कारण घरी ऐकून ऐकून या शब्दाचे सगळे मराठी भाऊबंद त्यांना पाठ असतात. वेंधळा, धांदरट, धसमुसळा, गबाळा, अजागळ. मागच्या बाकावरचा एखादा सरळ शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आणि वर्ग हसतो. मग मी एकेक शब्द सोडवून दाखवते. वेंधळ्याचं लक्ष नसतं, धांदरटाला घाई असते, धसमुसळ्याला आपल्या ताकदीचा अंदाज नसतो. आपल्याकडे वस्तू नुसती पडत नाही, पडली की बोलणी खायला कुणीतरी लागतं, असं मी सांगते आणि मुलं तेही लिहून घेतात.

त्यांना वाटतं, बाईंना शब्दांची भारी आवड. आवड कसली डोंबलाची. मला या सगळ्या शब्दांचा राग आहे आणि तो आईमुळे आहे.

आई पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत राहते. निम्म्या घरांना कुलपं आहेत, माणसं मुंबईला. माझा भाऊही तिथेच. वडील गेल्यापासून घरात आई, एक गाय, थोड्या शेळ्या आणि उतारावरची नाचणी. पण वाडीत तिला कुणी शेळ्यांवरून ओळखत नव्हतं. ती बाळांना न्हाऊ घालायची. वाडीत जन्मलेलं प्रत्येक मूल सव्वा महिना तिच्या पायांवर न्हायचं.

पाटावर बसून ती पाय लांब सोडायची आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायची. आधी खोबरेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. चुलीवरून उतरवलेल्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायची आणि त्यात मनगटापर्यंत हात बुडवून थोडं थांबायची. हाताला पटलं की मगच तांब्या उचलायची. तेवढा वेळ घरातली सगळी बाया-माणसं गप्प असत. नवी आई तर श्वास रोखूनच बसायची. आईने हात बाहेर काढून "आन हिकडं" म्हटलं की ती निर्धास्त होऊन बाळ द्यायची.

हे काम आई आपणहून कधी मागत नसे. बाळ घरी आलं की त्या घरची मोठी बाई स्वतः आमच्या पडवीत येऊन बसे. मुलांकरवी निरोप धाडलेला चालत नसे. बाई म्हणायची, "उद्यापास्नं येशील ना गो?" आई लगेच हो म्हणत नसे. गाय व्यायलेय, नाचणी झोडायची राहिलेय, अंग दुखतंय, असं सगळं आधी सांगून व्हायचं. ती बाई पुन्हा पुन्हा विनवायची, चहा व्हायचा आणि शेवटी आई म्हणायची, "बघते." म्हणजे होच. लहानपणी मला हे उगाच भाव खाणं वाटायचं. आतून चहा आणून देताना मी नाक मुरडायचे. बारशाला तिला एक खण आणि नारळ मिळे आणि ते खण ट्रंकेत तसेच पडून राहत.

पहिल्यांदा तिच्या हातून काय पडलं ते मला आठवत नाही. कपबशीच असणार. मग दुधाचं भांडं कलंडू लागलं. हातावर थापलेली नाचणीची भाकरी कडेला फाटू लागली, तेव्हा तिने परातीत थापायला सुरुवात केली. ब्लाउजचे हूक लावायला ती शेजारच्या काकूला हाक मारू लागली. काकू म्हणजे तिची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. बाळांच्या वेळी पाणी तापवून द्यायला तीच आईच्या हाताखाली असायची. दोघींच्या घरांच्या मध्ये एकच कुडाची भिंत आहे, इकडे खोकलं तर तिकडे ऐकू जातं.

मे महिन्यात भाऊ मुलांना घेऊन आला होता. आईच्या हातून चहाचा कप सुटला आणि माझी भाची तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, यू आर सो क्लम्झी." इतक्या लाडाने म्हणाली, की राग यायचं कारणच नव्हतं. मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या तोंडी हा शब्द बहुतेक लाडाचाच असतो. चपलेचा अंगठा तुटला तरी क्लम्झी, आइस्क्रीम फ्रॉकवर सांडलं तरी क्लम्झी.

"ती काय म्हनली गो?" आईने मला विचारलं.

"वेंधळी म्हणाली तुला."

"मी कशाची वेंधळी? कप गुळगुळीत हाय," आई म्हणाली आणि त्या दिवसापासून घरात चहा स्टीलच्या पेल्यातून येऊ लागला.

कप गुळगुळीत होता, हूक झिजले होते, शेळीने मध्येच पाय हलवला होता, भाकरीचं पीठ जुनं होतं. प्रत्येक वेळी दोष दुसऱ्या कुणाचा तरी. इंग्रजीत बहाण्यालाही क्लम्झी म्हणता येतं, वाक्याला म्हणता येतं, मागितलेल्या माफीलाही म्हणता येतं. आपल्याकडे सबब लंगडी असते. आईच्या सबबी तर इतक्या लंगड्या होत्या की मी त्यांच्याकडे कानाडोळाच करायचे. वय झालं, एवढंच मला वाटलं. तिचं वय काही तेवढं झालेलं नव्हतं.

मग माझी मुलगी झाली. महाडच्या दवाखान्यातून सासरी न जाता मी थेट वाडीवर जाणार, असं मी लग्न ठरतानाच सांगून ठेवलं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, वरचा रस्ता जागोजाग खचलेला, आणि काही झालंच तर डॉक्टर कुठून आणणार? त्यांचं चूक नव्हतं. पण मला एकच गोष्ट हवी होती. आईने जगाची पोरं न्हाऊ घातली होती, माझ्या मुलीला तिच्या पायांवर बघायचं होतं. जीप दगडांवरून वर चढताना टाके दुखत होते आणि तरी मी हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापलं. मी बाळाला दुपट्यात घेऊन न्हाणीपाशी आले, तर पाटावर काकू बसलेली. आई दारात उभी.

"मला जमायचं नाय, बाय," आई म्हणाली. "गुडघा धरलाय. काकू घालंल. तिला सगळं येतं."

आदल्या दिवशीच ती शेळ्यांच्या मागे टेकाडावर जाऊन आली होती. तो गुडघा कुठला धरला होता? मी बाळ काकूकडे दिलं. काकूने छान न्हाऊ घातलं, खोटं कशाला बोलू. पण आई सगळा वेळ दारात उभी राहून एकच घोकत होती, "हात घाल गो. परत घाल. पानी नीट बघ."

"बघितलंय गो, किती येळा बघू," काकू शेवटी वैतागली.

असं रोज चाललं. आई बाळाला मांडीवर घ्यायची, तिच्याशी बोलायची, शेक-शेगडी बघायची, पण न्हाणीचा उंबरा ओलांडायची नाही. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. मुलगी झाली म्हणून तर नाही? भावाच्या मुलांच्या वेळी वहिनी माहेरी होती, तेव्हा ही रोज फोनवर 'माझ्या पायावर न्हायली नाय' म्हणून हळहळायची. मग माझ्याच मुलीला काय झालं? माझ्या रागाला फार वेळ लागत नाही. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत मी नवऱ्याला बोलावून घेतलं आणि खाली उतरले. निघताना आईने बाळाच्या कपाळाला तीट लावली, तीही वाकडी लागली.

त्यानंतर वर्षभराने काकूचा फोन आला, आई चालताना झोकांड्या खाते म्हणून. काकूच्या मते वाताचा विकार होता. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात हातपाय शेकून आण, तिच्या भावजयीला गुण आला होता. मी आईला महाडला आणलं आणि एका रविवारी सवला घेऊन गेले. बायकांची गर्दी नव्हती. कुंडाच्या पायरीवर बसून मी पाण्यात हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. आईने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि तशीच बसून राहिली.

"कोमट हाय," ती म्हणाली. "लोक उगाच गरम गरम करतात."

मी तिचे हात ओढून बाहेर काढले. लालबुंद झाले होते. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. त्याची मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होता, मुंबईत शिकून आलेला. त्याने आईची मान वाकवून बघितली, गुडघ्यांवर छोटा हातोडा मारला आणि मला विचारलं, "हातांमध्ये क्लम्झीनेस आहे का?"

हा शब्द मी आईला तसाच सांगितला असता तर तिने दवाखाना सोडला असता. मी म्हटलं, "आई, हातातून वस्तू पडतात का? हूक लावता येतात का तुला?"

आई ताठ बसली. "नाय. माझा हात चांगला हाय. अख्खी वाडी सांगंल."

"पडतात," मी डॉक्टरांना सांगितलं. "सगळंच पडतं. हूक काकू लावते."

आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. डॉक्टरांनी तिला मुठी भराभर उघडायला आणि मिटायला सांगितलं. स्वतः करून दाखवलं. आईची बोटं अर्धी उघडली आणि तिथेच रेंगाळली. तिने ओठ दाबून पुन्हा जोर लावला. तेवढ्यात डॉक्टर "पुरे, मावशी" म्हणाला आणि त्याने कागदावर लिहिलं. उलट्या बाजूनेही मला वाचता आलं. क्लम्झी हँड्स. मी हा शब्द किती वर्षं शिकवत होते, आणि तो कुणालाही न रागावता लिहिता येतो हे मला तिथे कळलं. डॉक्टरने तो ताप किंवा खोकला लिहावा तसा लिहिला आणि खाली रेघ मारली.

मग त्याने समजावलं. मानेचे मणके झिजून आतली मुख्य शीर दाबली जात होती. हातांचं भान त्यामुळे जात होतं, पायांचा तोलही त्यामुळेच. "डोक्यावरून ओझी वाहिलीत का, मावशी?"

"कोन नाय व्हायली?" आई म्हणाली. पाण्याचे हंडे, मोळ्या, भाताचे भारे, गवत. आमच्या वाडीत डोकं हे ओझ्यासाठीच असतं.

"ओझ्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण भर पडली असेल. हातांचा काही दोष नाही तुमच्या. मानेचा आहे. ऑपरेशन करून पुढचं थांबवता येईल. गेलंय ते परत येईल असं मात्र सांगता येत नाही. लवकर यायला हवं होतं."

आईने आपले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "पानी कळत नव्हतं मला."

डॉक्टरला वाटलं ती गिळण्याबद्दल बोलतेय. मला कळलं.

बाहेर बाकावर बसून तिने सांगितलं. माझ्या बाळंतपणाआधी वाडीत एक बाळ झालं होतं. नेहमीसारखा तिने पाण्यात हात बुडवला. हाताला काहीच लागलं नाही म्हणून तिला पाणी गारच वाटलं, तिने आणखी कढत ओतायला लावलं आणि पहिला तांब्या बाळाच्या पाठीवर सोडला. बाळ जे किंचाळलं ते तिच्या कानातून जात नव्हतं. पाठ लाल झाली. तिने लगेच गार पाणी ओतलं आणि डाळीचं पीठ लागलं म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत लाली गेली, कुणाला कळलं नाही. त्या दिवसापासून तिचा गुडघा धरला तो धरलाच.

"मग मला का नाय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? माझा हात गेला म्हनून?" ती म्हणाली. "तुझी पोर होती, बाय. दुसऱ्या कोनाची असती तर एखाद्या येळी मोहात पडले बी असते."

मी त्या बाकावर रडले. रडता रडता मला तिचा भयंकर रागही आला, आणि तो आजही येतो. तिला सगळं ठाऊक होतं. तेव्हाच बोलली असती तर हात वाचले असते कदाचित. पण हात गेले तरी चालतील, हाताला कुणी नाव ठेवलेलं चालणार नाही, असा तिचा हिशेब होता. पुढे एकदा शाळेतल्या जाडजूड शब्दकोशात मी तो शब्द काढून बघितला. मुळात तो थंडीने बधिर होण्याच्या एका जुन्या शब्दावरून आला म्हणे. थंडी पडून बोटं आखडलेल्या माणसाला कुणी वेंधळा म्हणत नाही. हे मी आईला सांगितलं नाही, सांगून काय करायचं होतं?

ऑपरेशन मुंबईला झालं. भावाने आणि वहिनीने काही कमी केलं नाही. पाय बऱ्यापैकी सावरले, ती काठीशिवाय चालू लागली. हात होते तसेच राहिले. वहिनी घास भरवायची ते तिला आवडत नव्हतं, म्हणून चार दिवस जरा बरे जाताच वाडीवर सोडा म्हणून ती हटून बसली. सोडलं. काकू होतीच.

काकूनेच मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, वाडीत लोक बोलतात. पोरगा मुंबईत कमावतो म्हणून म्हातारीला माज आला, म्हणतात. चार घरची माणसं पाय धरायला आली तरी गुडघा पुढं करते. माझं डोकंच फिरलं. आई "सांगू नको गो, बोलू दे त्यांना" म्हणत होती, तरी मी हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांना नीट समजावून सांगितलं. मानेतली शीर दाबलेय, हाताला ऊन-थंड कळत नाही, हा आजार आहे, माज नाही. बायका हळहळल्या. कुणी डोळ्याला पदर लावला. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाईची धार काढायला एक येऊ लागली, भाकऱ्या दुसरीकडून येऊ लागल्या. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. खरं होतं ते सांगितलं आणि आईच्या नावावरचा डाग पुसला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी वर गेले होते. आमच्यापासून दोन घरं सोडून एका घरची सून बाळंत होऊन आलेली. सकाळी आई मला म्हणाली, केस विंचरून दे, आणि ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढ. मी तिला लुगडं नेसवलं, अंबाडा घातला. कुठं जायचंय का म्हणून विचारलं तर नाय म्हणाली. पडवीत भिंतीला टेकून बसली. चहाचं आधण ठेव, साखर जास्त घाल, असं तिने तिथूनच दोनदा सांगितलं. मला वाटलं, सणाचं मन झालं असेल.

थोड्या वेळाने त्या घरची म्हातारी आमच्या अंगणातून आली. मुलीच्या गालावरून हात फिरवला, आईला विचारलं, "मान कशी हाय आता? जप गो." आणि पुढे काकूच्या पडवीत जाऊन बसली. कुडापलीकडून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. ती विचारत होती, काकू कामं सांगत होती, ती विनवत होती, पलीकडे कपबशा वाजल्या.

चूल विझवून मी बाहेर आले आणि आईजवळ बसले. तिचे दोन्ही हात लुगड्यावर उताणे पडले होते.

"मी नायच म्हननार होते गो," आई म्हणाली. "पन इचारायला तरी यायचं."